खाऱ्या पाण्यातल्या फ्लायसाठी हुक कुठले घ्यावेत? (८ वेट रॉड, डहाणूकडची खाडी)

गोदाकाठी_गळ

नमस्कार मंडळी, मी नाशिकरोडचा. फ्लाय (हुकवर पिसं-केस बांधून केलेलं आमिष) बांधायचा नाद आहे पण आजवर बांधलं ते सगळं गोड्या पाण्यासाठी, तिलापिया नाहीतर महसीर, बाकी काही नाही. दिवाळीनंतर मावसभावाबरोबर जव्हारमार्गे डहाणूकडे जायचं ठरतंय, त्याच्या ओळखीची एक खाडी आहे आणि त्याचं म्हणणं जिताडा नाहीतर रावस नक्की लागणार (तो दरवेळी हेच म्हणतो ते सोडा).

रॉड ८ वेट (वेट म्हणजे रॉड-लाइनचा वजनी नंबर), फ्लोटिंग लाइन, टिपेट (लाइनच्या टोकाची बारीक दोरी) १६ पौंडाचा. गाडी अडलीये हुकांवर. ऑनलाइन बघायला गेलो तर स्टेनलेस, टिन, निकेल, शॉर्ट शँक, वाइड गॅप, टू एक्स स्ट्राँग, डोकं भणभणलं. एक जण ४/० वर बांधतोय, दुसरा म्हणतो नंबर ४ पुरे. रविवार कारंजाला एका दुकानात जाऊन हुक मागितले तर त्याने पडद्याचे हुक काढून दाखवले 😄

तर स्टेनलेस घेऊ की कार्बन? साइझ काय? आणि घरात ट्राउटचे ब्राँझ हुक भरपूर पडलेत, दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे तर त्यांच्यावर भागेल का?

खाडीकर_पालघर

भावा, ब्राँझवाले आधी घरी ठेव. पहिल्याच संध्याकाळी डबा उघडशील तेव्हा पिसांच्या बुडाला तांबूस डाग दिसायला लागतील. पण गंजाचं एक वेळ सोड, तार बारीक आहे ही खरी भानगड. ड्राय फ्लाय तरंगावी म्हणून ती तार मुद्दाम बारीक ठेवलेली असते, जिताड्याने एक हिसका दिला की हुक सरळ.

साइझचं म्हणशील तर तो ४/० वाला व्हिडिओ जीटीचा (जायंट ट्रेवली मासा) नाहीतर अमेरिकेतल्या टार्पन माशाचा असणार, ती माणसं ११-१२ वेटचा रॉड घेऊन उभी असतात. आपल्या ८ वेटला २/० म्हणजे वरची हद्द धर, तीसुद्धा फ्लाय हलकी असेल तर. भिजलेली पिसं, फ्लायचे जड डोळे आणि जाड हुक असं सगळं एकत्र आलं की खाडीवरच्या वाऱ्यात ते फेकलं जात नाही, थेट कानशिलावर येतं.

जिताड्याला १/० किंवा २/०. हा मासा चावत नाही, भलंमोठं तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो, आणि टोचलं की उडी मारून मान झटकतो. म्हणून दांडी (शँक) आखूड आणि गॅप, म्हणजे टोक आणि दांडीतली जागा, रुंद बघ. दांडी लांब असली की प्रत्येक झटक्याला त्याला तरफेचा फायदा मिळतो, टोचलेलं भोक मोठं होत जातं आणि हुक निसटतो. रावसाला नंबर १ नाहीतर २ बास झाला. टिपेटच्या पुढे हातभर ४० पौंडाचा जाड मोनो (नायलॉनची दोरी) लावच, जिताड्याचं तोंड कानशीसारखं खरखरीत असतं, १६ पौंड घासून तुटायला वेळ लागत नाही. आणि गिलच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, तिथे बोट घालू नको.

नंबरांचा घोळ होतो म्हणून सांगून ठेवतो, २ पेक्षा १ मोठा, १ पेक्षा १/० मोठा, आणि तिथून पुढे आकडा वाढला की हुक वाढतो. त्यात एका कंपनीचा १/० दुसरीच्या २/० एवढा निघतो. त्यामुळे पाकिटावरच्या आकड्यापेक्षा टोक आणि दांडी यांच्यात जागा किती आहे ते बघ.

स्टेनलेस की कार्बन, मी स्टेनलेसवाला. गंजत नाही, स्वस्त पडतो, विषय संपला.

सातपूर_टूलरूम

विषय एवढ्यात संपत नाही हो 🙂 रोज धातूशीच मारामारी असते म्हणून बोलतो.

ऑस्टेनिटिक स्टेनलेस, म्हणजे आपलं ३०४ वगैरे घराणं, त्याला हीट ट्रीटमेंटने कडकपणा येत नाही. तार ओढताना जे कोल्ड वर्क होतं तेवढाच कडकपणा. हाय कार्बन तारेचं तसं नाही, ती वाकवून झाल्यावर तापवून क्वेंच (झटकन थंड) करतात, मग टेंपर (पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा कमी) करतात, त्यामुळे तेवढ्याच जाडीत ती जास्त ताण घेते आणि टोक जास्त वेळ धारदार राहतं. आता स्टेनलेसला तीच ताकद हवी असेल तर तार जाड घ्यावी लागते, आणि जाड तार म्हणजे जाड टोक, म्हणजे टोचायला जोर जास्त. गोदाकाठी, तुझा टिपेट १६ पौंडाचा आहे ना, मग हा जोर आणणार कुठून? रॉड उचलून ओढलंस तर सगळा वाक रॉडमध्येच जातो, हुकच्या टोकापर्यंत फारच थोडं पोचतं. त्यामुळे बारीक पण कडक तार आणि केमिकली शार्प केलेलं टोक, माझं मत कार्बनला.

कार्बनची दुखरी बाजू म्हणजे गंज, त्यासाठी वर टिन नाहीतर निकेलचा थर देतात. पण थर शाबूत आहे तोवरच. एकदा टोकाला कानस लावली की तिथलं टिन गेलं आणि गंज नेमका टोकापासूनच सुरू होतो. कानस लावल्यावर टोकाला परमनंट मार्करचा एक हात मार, दिवस निघून जातो. दुसरं म्हणजे प्लेटिंग करताना कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, नंतर भट्टीत नीट बेक केलं नाही तर तुकडा दिसायला झकास आणि ताणाखाली काडकन तुटतो. चांगली कंपनी हे करते, पाच रुपयाला मूठभर मिळणाऱ्या मालाचं देव जाणे. बिननावाच्या पाकिटात हुक तुटतात ते बरेचदा यामुळे.

घरी टेस्ट कर. हुक व्हाइसमध्ये (हुक धरायच्या शिकंजात) वाकापाशी पकड आणि हुकच्या डोळ्याच्या (टिपेट ओवायच्या भोकाच्या) बाजूला नखाने खालून वर टिचकी मार. टिंग असा आवाज येऊन दांडी जागेवर आली तर टेंपर बरा. दांडी वाकून तशीच राहिली तर मऊ, तुटली तर ठिसूळ, दोन्ही केराच्या डब्यात. टोक अंगठ्याच्या नखावर अजिबात न दाबता तिरकं ओढ, रुतलं तर धार आहे, घसरलं तर नाही.

आणि लोहचुंबकाने स्टेनलेस ओळखायच्या फंदात पडू नको. ओढलेली ३०४ ची तारसुद्धा चुंबकाला थोडी चिकटते. त्यापेक्षा एका हुकचं टोक कानसून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेव, सकाळी कळेल.

पिसं_आणि_दोरा

दोन्ही दादांचं वाचलं पण आधी मला हे सांग गोदाकाठी, तू बांधणार काय आहेस? हुक एकटा निवडता येत नाही रे, फ्लाय ठरली की निम्मे हुक आपोआप बाद होतात.

क्लाउझर (जड डोळ्यांची, केसांची फ्लाय) बांधणार असशील (आणि पहिल्यांदा जाताना तेच बांध, फार डोकं लावू नकोस) तर डंबेलच्या आकाराचे जड डोळे दांडीच्या वरच्या अंगाला बांधायचे, मग पाण्यात फ्लाय उलटी होते आणि टोक वर येतं. कोकणातल्या खडकांवर कालवं किती असतात बघितलंयस ना, टोक वर असलं की अडकायचं प्रमाण बरंच कमी होतं. पण डंबेल, त्याच्या पुढेमागे दोऱ्याचे वेढे आणि केसांच्या दोन जुड्या, हे सगळं मावायला दांडी नेहमीच्या लांबीची लागते. खाडीकर दादा म्हणतात तशी एकदम आखूड घेतलीस तर डोळ्यापाशी एवढी गर्दी होते की शेवटची गाठ हुकच्या डोळ्यावर चढते आणि मग तिथे टिपेट ओवताना खाडीकाठी सुई शोधत बसशील. क्लाउझर नंबर १ आणि २ वर, साधी दांडी, सरळ डोळा.

डिसिव्हरचं (लांब पिसांची फ्लाय) वेगळं. तिथे पिसं वाकापाशी बांधली जातात आणि पुढे केसांची कॉलर, त्यामुळे १/० आणि २/० वर छान बसते. आखूड दांडीवर लांब पिसं बांधलीस तर फेकताना ती वाकाभोवती गुंडाळतात, मग फ्लाय गोल गोल फिरत येते आणि मासा तोंड फिरवतो. आणि पोट भरगच्च करू नकोस. दांडीखाली इतकं मटेरियल लोक भरतात की टोक आणि अंग यात जागाच उरत नाही, मग म्हणतात मासा लागतो पण राहत नाही. बांधून झाल्यावर बाजूने बघ, गॅपचा अर्ध्याहून जास्त भाग मोकळा दिसला पाहिजे.

डोळा सरळच हवा, खाली वाकवलेला नको. आपण लूप नॉट (सैल फासाची गाठ) मारणार, सरळ डोळ्यात फ्लाय मोकळी झुलते. पाकीट उघडलं की डोळ्याची तार पूर्ण मिटलेली आहे का तेही बघ, स्वस्तातल्या हुकांत बारीक फट असते, टिपेट तिथे जाऊन बसतो आणि कातरला जातो. फट दिसली तर दोऱ्याचे दोन वेढे त्याच्यावरून घेऊन थेंबभर यूव्ही रेझिन.

बकटेल (हरणाच्या शेपटीचे केस, परदेशी) मिळत नसेल तर बोकडाचे केस वापर, मी तेच वापरते, धुऊन वाळवून लांबीप्रमाणे जुड्या करायच्या, क्राफ्ट फरही चालते. कोणी आपल्याकडच्या हरणाचे केस देतो म्हणाला तर हातही लावू नकोस, वाइल्डलाइफ ॲक्टचं लफडं आहे ते.

जुना_गळवाला

काय हे, टेंपर काय नि हायड्रोजन काय. अरे मस्टॅड ३४००७ घे, स्टेनलेस, रिंग डोळा, जगभर खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय त्याच्यावर बांधून लोकांची हयात गेली. टोक जरा बोथट येतं, चार हात कानस मारायची. त्याच आकारात टिनवाला हवा तर ३४०७ आहे. सुरमई किंवा दातवाला दुसरा काही मासा असेल तर लांब दांडीचा ३४०११ घे, दात दांडीवर बसतात, दोरीवर नाही. ही जपानी फॅन्सी पाकिटं कशाला?

डिसिव्हर म्हणालात म्हणून आठवलं, माझ्या तिकिटांच्या वहीत आहे ती. १९९१ मध्ये अमेरिकेने फ्लायच्या तिकिटांचा संच काढला होता त्यात लेफ्टी क्रे यांची डिसिव्हर आहे. आपल्याकडे गळाचं तिकीट कोण काढणार!

सातपूर_टूलरूम

काका, ३४००७ ला नावं ठेवायची नाहीयेत, तो रणगाडा आहे. पण १६ पौंडाच्या टिपेटला तो जरा जडच होतो, २० पौंड आणि ९ वेट असता तर मीच म्हटलं असतं घे. गामाकात्सूचा एसएल१२एस हातात घेऊन बघा एकदा, टिनचा थर, दांडी आखूड, तार मजबूत, आणि कानस न लावता नखात रुततो. जिताड्याला तो. किंमत चावते हे मान्य.

जुना_गळवाला

चावणारच. एका खडकाला अडकला की तेवढे पैसे खाडीत. शिकाऊ पोराला महागडा हुक देऊ नका.

पिसं_आणि_दोरा

यात काकांचं बरोबर आहे. पहिल्या खेपेला फ्लाय माशापेक्षा खडकालाच जास्त लागणार. क्लाउझर ३४००७ वर बांध, त्या गमावल्या तरी जीव तुटत नाही, आणि जिताड्यासाठी थोड्याच डिसिव्हर चांगल्या कार्बन हुकवर.

गोदाकाठी_गळ

अरे बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. व्हाइसवर टिचकीची टेस्ट लगेच केली. घरातल्या एका बिननावाच्या पाकिटातले हुक टिंग वगैरे काही नाही, वाकून तसेच राहिले 😂

अजून दोनच प्रश्न. टोकामागचा उलटा काटा दाबून टाकायचा का? मासा सुटणार नाही का त्याने? आणि संध्याकाळी परत आल्यावर फ्लायचं काय करायचं, नळाखाली धरल्या की झालं का?

खाडीकर_पालघर

काटा दाबच. एक तर बिनकाट्याचा हुक कमी जोरात आत जातो, तुझ्या १६ पौंडाला तेच हवंय. दुसरं, ८ वेट आणि खाडीचा वारा हे जोडपं कधी ना कधी तुझ्याच मानेत हुक रुतवणार, तेव्हा दवाखाना शोधत बसण्यापेक्षा जागेवर सुटलेला बरा. लाइन सैल सोडली नाहीस तर मासा सहसा जात नाही. आणि सोडायचाच असेल तर पाण्यातच पटकन सोडता येतो.

सगळ्यात महत्त्वाचं, मासा लागला की रॉड वर उचलू नको. ट्राउटवाली सवय तिथे चालत नाही. रॉडचं टोक पाण्याकडे, डाव्या हाताने लाइन सरळ लांब ओढायची, वजन लागलं की परत एकदा, मगच रॉड उचल. सातपूरवाले म्हणाले ना रॉडच सगळा जोर खातो, हाताने सरळ ओढलंस की तो जोर हुकपर्यंत जातो.

पिसं_आणि_दोरा

काटा बांधायच्या आधी दाब, नंतर नाही. दाबताना कधीकधी टोकच तुटतं, तेव्हा नुसता हुक गेलेला परवडतो, तासभर बसून बांधलेली डिसिव्हर गेली की रडू येतं. पक्कड टोकाच्या रेषेत धरायची, आडवी धरलीस तर तार पिचकते. चपटी पक्कड घे, दातेवाली नको, दात्यांनी टिनवर चरे पडतात. आणि अगदी सपाट करायचा हट्ट नको, बारीक उंचवटा राहिला तर राहू दे.

धुण्याचं म्हणशील तर नळाखाली धरून भागत नाही, मीठ दोऱ्याखाली शिरलेलं असतं. बादलीत साध्या पाण्यात सगळ्या फ्लाय बुडवून ठेव, जेवण होईपर्यंत राहू देत, मग फडक्यावर पसरून पूर्ण वाळव. ओली फ्लाय कोरड्या फ्लायच्या डब्यात परत ठेवायची नाही, वापरलेल्यांचा डबा वेगळा. एकीच्या मिठाच्या पाण्यात बाकीच्याही खराब होतात.

सातपूर_टूलरूम

+१. आणि स्टेनलेस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बंद डब्यात, ओल्या दोऱ्याच्या वेढ्याखाली जिथे हवा पोचत नाही तिथे स्टेनलेसलाही चहासारखे डाग पडतात, पुढे खड्डेही पडतात. स्टेनलेसचा गंज अडवणारा जो थर असतो त्याला ऑक्सिजन लागतो, तो मिळाला नाही की त्याची ऐट संपली.

खाडीकर, तुमच्या स्टेनलेसला अजून एक टोमणा. समजा टिपेट तुटला आणि हुक माशाच्या तोंडात राहिला, तर कार्बनवाला हळूहळू गंजून जातो, स्टेनलेस बराच जास्त टिकतो. तेवढ्यासाठी तरी काटा दाबाच.

खाडीकर_पालघर

हे मात्र पटलं. माझ्याकडचे स्टेनलेस संपेपर्यंत वापरणार, पण काटे दाबून.

गोदाकाठी_गळ

ठरलं तर मग. ३४००७ नंबर १ आणि २ क्लाउझरसाठी, एसएल१२एस १/० जिताड्यासाठी, २/० सध्या राहू दे. एक चपटी पक्कड, एक बारीक कानस. पाकिटं ऑनलाइन मागवतो, पण महागड्या १/० चं अख्खं पाकीट मला एकट्याला जास्त होईल असं वाटतंय.

सातपूर_टूलरूम

१/० मागवू नकोस, माझ्याकडे उघडलेलं पाकीट आहे त्यातले निम्मे घे. शनिवारी सुट्टी असते, आयटीआय सिग्नलपाशी ये. त्या बदल्यात तुझ्या नंबर २ मधले थोडे मला दे. आणि ते वाकणारे बिननावाचे हुकही घेऊन ये, इथे हार्डनेस टेस्टरवर टाकून बघू काय निघतंय.

जुना_गळवाला

आकडा इथे टाका. वाचायला आवडेल.